वाडीची गंजिफा, पिंगुळीची चित्रं आणि जत्रेतली एक रात्र

पुण्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाप्रमाणे मीही शाळेच्या सहलीत राजा केळकर संग्रहालय पाहिलं. दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल हे सगळं लक्षात राहिलं. तिथली चित्रकथी मात्र आठवायची ती केवळ एवढीच: काचेमागचे पिवळट कागद, त्यांवर मोठमोठ्या डोळ्यांचे योद्धे आणि एका बाजूला वळलेली तोंडं. पुढे पाहुण्यांना घेऊन चार-पाच वेळा गेले, तेव्हाही त्या चित्रांसमोर कधी थांबले नाही. ती चित्रं गाऊन दाखवायची असतात, हे मला अगदी अलीकडे कळलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ती अजूनही तशीच सांगतात, म्हणून ती ऐकायचीच असं ठरवून मार्गशीर्षात आई आणि मी दोघी कोकणात उतरलो. बाबांना गुडघ्यांमुळे रात्रीचा प्रवास झेपत नाही, म्हणून ते घरी राहिले. निघताना म्हणाले, "माझ्यासाठी पत्ते आणा." ते पत्त्यांचे जुने शौकीन. गंजिफेबद्दल, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या खेळाबद्दल, त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

पहिला दिवस : सावंतवाडी

पुण्याहून रात्रीच्या बसने निघालो. आंबोलीला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. घाट उतरून खाली आलो तसं धुकं विरळ झालं, कापणी झालेले मळे दिसायला लागले आणि बसमध्ये ओल्या मातीचा वास शिरला. आठच्या आत आम्ही मोती तलावाच्या काठावर होतो. समोर राजवाडा, पलीकडे नरेंद्र डोंगर आणि तलावाच्या कट्ट्यावर फिरायला आलेली गावातली माणसं. तिथल्याच एका छोट्या खाणावळीत घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. वाढणाऱ्या काकूंनी आईला विचारलं, "खंयसून इलात?" पुण्याहून, म्हटल्यावर त्यांनी न विचारता आणखी एक घावणा ताटात टाकला.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात, हे वाचलं होतं. तरी उंच छताच्या त्या मोठ्या खोलीत, जुन्या तसबिरींच्या खाली, माणसं शांतपणे ब्रश चालवताना दिसली तेव्हा दोघी दारातच थबकलो. एक ताई हातातल्या गोल पानावर मासे काढत होत्या. एकाच पानावर सात मासे, प्रत्येकाला खवले, प्रत्येकाला डोळा. पान जेमतेम तळहाताच्या खळग्यात मावणारं.

दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः विराजमान असतो. एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर त्याची खूण मोजून येते. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, कल्कीच्या तलवारी. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, पाठ मात्र सगळ्यांची एकसारखी. मोगल गंजिफा यापेक्षा लहान, आठ रंगांची, ९६ पानांची. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर इथे आला. इथल्या चितारींनी त्यात दशावतार बसवले आणि तो असा आपला करून टाकला की परका वाटावा असं त्यात काही उरलं नाही.

ताईंनी ब्रश खाली ठेवून कागद कसा तयार होतो ते सांगितलं. कागदाला चिंचोक्याची खळ लावून तो कडक करायचा, गोल कापायचा, रंगवायचा आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. तयार पान टेबलावर टाकलं की टक् असा आवाज येतो. आईने तो आवाज तीन वेळा काढून पाहिला.

ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या आसपास सावंतवाडीत गंजिफा जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं आणि गावातल्या मुलामुलींना शिकवलं. सत्वशीलादेवी स्वतः रंगवत. २०१८ साली त्या गेल्या. मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. राजघराण्याने आश्रय देणं आपल्याकडे नवीन नाही, पण राणीने जमिनीवर बसून एका म्हाताऱ्या कारागिराकडून हातात ब्रश घ्यायला शिकणं नवीन आहे. कला टिकली ती त्या शिकण्याने.

आम्ही संच घेतला. हाताने रंगवलेला पूर्ण दशावतारी संच स्वस्त नसतो आणि तो नसावाच. एकेका संचामागे कितीतरी दिवसांचं काम असतं. आईने तिच्या भिशीचे पैसे त्यात घातले.

दुपारी चितारआळीत गेलो. दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकानं, दारात टांगलेले भोवरे, पाळण्यावरची चिमणाळी, भातुकली, रंगीत पाट आणि टोपल्यांत लाकडी फळं. इथल्या फळांना पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात. सीताफळ हातात घेतलं तर पिसासारखं. एका दुकानातले आजोबा म्हणाले, "आंबो वळख बघू खंयचो तो." मी म्हटलं, हापूस. त्यांनी मान हलवली आणि देठाजवळचा खोलगट भाग बोटाने दाखवला, "पायरी." लाकडाच्या आंब्यातही जात ओळखता यावी इतकं बारीक काम होतं ते.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे रेल्वेने येणार असाल तर रिक्षाचा वेळ धरा. राजवाडा दुपारी बंद असू शकतो, सकाळीच जा. कारागीर काम करत असताना फोटो काढायचा तर आधी विचारा, ते आनंदाने हो म्हणतात. लाकडी फळं उन्हात ठेवू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका. चितारआळीत अलीकडे बाहेरून आलेला यंत्राचा मालही दिसतो, तेव्हा "हे इथेच केलेलं आहे ना?" एवढं विचारून घ्या.

दुसरा दिवस : पिंगुळी

सावंतवाडीहून कुडाळकडे जाणारी एसटी धरली. पिंगुळी वीसेक किलोमीटरवर, महामार्गालगतच आहे. तिथे ठाकर समाजाची गुढीपूर नावाची वाडी आहे आणि त्या वाडीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने उभं केलेलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' आहे. गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे संग्रहालय त्यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात सुरू केलं. आजही तिथे पाऊल टाकताना शेणाने सारवलेली जमीन लागते आणि वर छताला कळसूत्री बाहुल्या लटकलेल्या असतात. आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो. आमच्याबरोबर कोल्हापूरचं एक कुटुंबही होतं, त्यांची सहा वर्षांची मुलगी सगळ्यात पुढे बसली.

तिघेजण जमिनीवर मांडी घालून बसले. एकाकडे वीणा, एकाकडे टाळ, एकाकडे हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य. मधल्याने समोर फळी उभी केली आणि पोथी सोडली. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा. चित्रं साधारण दीड फूट लांब. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक सांगून झालं की उलटायचं आणि पुढचं सुरू.

गणपतीचं चित्र पहिलं. नमन झालं. मग रामायण.

हे लिहून सांगणं कठीण आहे, तरी प्रयत्न करते. काचेमागे मला ती चित्रं ताठर वाटायची. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, हात ठरावीक वळणाचे, मागे ना झाडं ना डोंगर, कोरा कागद. इथे गाणाऱ्याने फळीला टेकवलेल्या चित्रावरून बोट फिरवत ओवी धरली आणि तो कोरा कागद भरायला लागला. रान त्याच्या शब्दांत होतं. वारा हुडुकात होता. युद्धाच्या चित्रात बाण नुसते रेषांसारखे काढलेले होते, पण हुडुक घुमला तेव्हा फळीही थरथरली आणि कागद हलला. बाण सुटल्यासारखे वाटले. चितारणाऱ्याने बाकीचं सगळं गाणाऱ्यासाठी मोकळं सोडलं होतं! पात्रांचे डोळे एवढे मोठे का, तेही तिथे बसून समजलं. देवळात रात्री, समईच्या उजेडात, मागच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हवेत ना.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "हे कीर्तनच आहे की गं. फक्त बुवांच्या हातात चित्र आहे."

कार्यक्रम संपल्यावर चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. पूर्वी कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात जाऊन कथा सांगायची हे ठरलेलं असे. सावंतवाडी संस्थानाने तशी व्यवस्था लावून दिली होती. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य अशा कितीतरी कला हा एकच समाज पिढ्यान्‌पिढ्या जपत आला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात गावोगाव फिरणारे ठाकर कलावंत बातम्याही पोचवत, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. जुन्या पोथ्यांपैकी किती तरी विकल्या गेल्या, किती पावसाने आणि वाळवीने खाल्ल्या. आता घरातली तरुण मुलं जुन्या चित्रांवरून नवी रंगवतात.

नंतर चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पडद्यावर रंगीत सावल्या. कोल्हापूरच्या छोटीला मागे जाऊन बघायची परवानगी मिळाली. ती पळत बाहेर आली आणि आईला सांगायला लागली, "रावण चपटा आहे, तरी पुढून खरा दिसतो!" कळसूत्री बाहुली आईच्याही हातात दिली. दोऱ्या सहज दिसतात, पण बाहुलीला साधा नमस्कार करायला लावताना आईची बोटं एकमेकांत अडकली. चौथ्या प्रयत्नात तो नमस्कार जमला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पिंगुळीला जायचं तर कुडाळ स्टेशन जवळचं, तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. आधी फोन कराच. नुसतं संग्रहालय पाहण्यात आणि आख्यान ऐकण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आख्यानासाठी माणसं जमवावी लागतात. किमान दोन तास हाताशी ठेवा. मानधनात घासाघीस करू नका. छोटी चित्रं विकत मिळतात, ती गुंडाळून न्यायला पुठ्ठ्याची नळी बरोबर घ्या.

त्याच रात्री : जत्रा

चहा देणाऱ्या मावशींनी निघताना विचारलं, "रात्री जत्रेक येतलात मा? दशावतार असा." आमच्या यादीत दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, होता, पण तो कुठे आणि कधी हे माहीत नव्हतं. कार्तिकी पौर्णिमेनंतर, भात घरात आलं की इथल्या गावागावांत जत्रा सुरू होतात. मंडळं एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत पावसाळा जवळ येईपर्यंत फिरत असतात. मावशींच्याच ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी न्यायचं आणि पहाटे परत आणायचं कबूल केलं.

आम्ही नऊला पोचलो. नाटक सुरू झालं रात्री एक वाजता. मधले चार तास जत्रेत गेले आणि ते तासही नाटकाइतकेच आठवतात. देवळाभोवती दिव्यांच्या माळा, ओटी भरायला बायकांची रांग, गुळात घोळवलेल्या खाज्यांचे ढीग, कडक बुंदीचे लाडू, गरम भजी. गावाच्या माहेरवाशिणी मुंबईहून, गोव्याहून आल्या होत्या, आणि प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडत होतं. बारानंतर पालखी निघाली. देवळाला फेऱ्या झाल्या, तरंग म्हणजे देवतांचे सजवलेले खांब नाचले, आणि मग मंडपात चटया पसरल्या.

तेवढ्यात आम्हाला रंगपटात डोकावता आलं. देवळाच्या एका खोलीत ट्रंका उघडून नट जमिनीवर बसले होते. हातात छोटा आरसा, प्रत्येक जण स्वतःच स्वतःला रंगवत होता. एक उंच गृहस्थ नऊवारी नेसत होते. निऱ्या चापून झाल्या, अंबाडा चढला, कुंकू लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे एक राणी उभी राहिली. चालही बदलली. दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात, हे आपल्याला माहीत असतं, पण तो क्षण समोर घडताना मी श्वास रोखून धरला होता.

संहिता अशी नसतेच. आज कोणतं आख्यान हे ठरतं, कोण काय करणार ते वाटलं जातं, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद तिथे उभं राहून सुचतील तसे. रंगमंचावर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच राणीचा महाल. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज.

आधी आडदशावतार. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली आणि मग काळ्या वेषातला संकासुर आला तसा झोपलेला मंडप उठून बसला. वेद चोरणारा हा राक्षस शुद्ध मालवणीत बोलतो. गावातल्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत कुणाला सोडत नाही. आईला निम्मं कळत होतं, तरी ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हा पूर्वरंग आता बरीच मंडळं आटोपता घेतात. आम्हाला तो बराच लांबलेला मिळाला.

मग आख्यान. राजा, दोन राण्या, कपटी प्रधान, मध्येच नारद. पहाटे चारच्या सुमाराला राणी आणि प्रधान यांच्यात धर्मावरून वाद रंगला. लिहिलेलं काही नाही, आणि तरी वाक्याला वाक्य भिडत होतं. एकाने दाखला दिला की दुसरा त्याच दाखल्याची दुसरी बाजू काढत होता. आमच्या शेजारी शाल पांघरून बसलेल्या आजी प्रत्येक बिनतोड उत्तरावर "वा रे बाबा!" म्हणायच्या. थंडी कडक होती. आजींनी अर्धी शाल आईच्या गुडघ्यांवर ओढून दिली आणि पदरात बांधलेले खाजे दोघींच्या हातांवर ठेवले. नाव-गाव नंतर विचारलं.

उजाडताना दहीहंडी फुटली. काला हातावर घेतला आणि दव पडलेल्या वाटेने रिक्षाकडे निघालो.

दशावताराला जाणाऱ्यांनी दुपारी झोप काढावी. शाल, कानटोपी आणि बसायला काहीतरी न्यावं. फ्लॅश मारू नये, नटांच्या डोळ्यांवर येतो. तारखांसाठी मोबाईल शोधत बसण्यापेक्षा चहाच्या टपरीवर विचारा, पंचक्रोशीतल्या सगळ्या जत्रा तोंडपाठ असतात. आणि उशीर होतोय म्हणून बाराला उठून येऊ नका.

तिसरा दिवस : वालावल

दुपारपर्यंत झोपलो. उठून उकड्या तांदळाची पेज घेतली आणि संध्याकाळी वालावलला गेलो. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, तळ्याभोवती माडांची गर्दी. आदल्या दिवस-रात्रीच्या गाण्या-बोलण्यानंतर तिथली शांतता अंगावर पांघरूण घातल्यासारखी वाटली. आई पायरीवर बसून आदल्या दिवशीची ओवी गुणगुणत होती, शब्द अर्धेच आठवत होते. रात्रीच्या गाडीने परतलो.

घरी

पुढच्याच रविवारी आम्ही दोघी केळकर संग्रहालयात गेलो. तिथल्या चित्रकथी पैठण शैलीच्या, पिंगुळीपेक्षा वळण निराळं, रेघ जाड आणि रंग ठसठशीत. पण तीच मोकळी जमीन, तेच डोळे. या वेळी प्रत्येक चित्रासमोर उभं राहून इथे काय गात असतील, हा कोणाशी बोलतोय, हे लावत बसलो. दोन तास गेले. तिथले काका कुलूप लावायला आले तेव्हा निघालो. ज्यांना कोकणात लगेच जाणं होणार नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी. मुंबईकरांसाठी तर मालवणी जत्रोत्सवांत दशावतारही दारात येतो.

गंजिफेचा संच कपाटात शोभेला ठेवायचा नाही, असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आता रविवारी दुपारी चादर अंथरतो. गोल पानं पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर पालथी टाकून हातांनी कालवायची. तिघांत चाळीस-चाळीस वाटायची. हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलट, आणि हेच पहिले काही डाव डोकं फिरवतं. रमीत कधी न हरणारे बाबा पहिल्या रविवारी सलग तीन डाव हरले आणि चौथ्यासाठी चहा बाजूला सारून बसले.

उतारी कुणी करायची हे उजेडावर ठरतं. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतरतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा. मागच्या रविवारी पाचवा डाव वाटून झाला आणि रामाचा राजा माझ्याकडे आला म्हणून मी पान काढलं. आई उठून देवाजवळ दिवा लावून आली, खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि माझा हात धरला.

"थांब गं. दिवेलागण झाली. कृष्ण कुणाकडे आहे?"